जुनीं साधनें आणि नवीं पॅकेजें : लिनक्सवरील एका नित्याच्या अडचणीचा अभ्यास

यंत्रें वापरणाऱ्या मनुष्यांचे दोन वर्ग पडतात. यंत्र सुरळीत चालत असेल तोंवरच ज्यांना तें चालवितां येतें त्यांचा एक, आणि तें अडलें असतां नेमकें कोठें अडलें हें ज्यांना शोधून काढतां येतें त्यांचा दुसरा. शाळेच्या संगणक-खोलींत बसणाऱ्या विद्यार्थ्यानें दुसऱ्या वर्गांत जाण्याचा यत्न करावा, या हेतूनें प्रस्तुत लेखांत एकाच अडचणीचा विचार केला आहे. लिनक्स चालणाऱ्या जुन्या संगणकावर नवा प्रोग्राम बसवूं गेलें असतां पॅकेज-व्यवस्थापक पुष्कळदां तो घेण्याचें नाकारतो, आणि पडद्यावर इंग्रजींत दहापंधरा ओळींचा असा मजकूर उमटतो कीं नवशिक्याचें मन दबून जावें. अशा वेळीं सांपडेल तो उपाय करून पाहण्याचा मोह होतो. आणि त्या मोहापायीं बरे चाललेले संगणकहि निकामी होतात.

व्यवस्थापकाचें काम

लिनक्सचा गाभा १९९१ सालीं लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्यानें लिहावयास घेतला. परंतु गाभा म्हणजे संपूर्ण सिस्टीम नव्हे. त्याच्याभोंवतीं शेंकडों लहानमोठे प्रोग्राम लागतात, व त्यांतील पुष्कळसे एकमेकांवर अवलंबून असतात. हे सर्व प्रोग्राम ठराविक रीतीच्या गठ्ठ्यांत बांधून देण्याची पद्धत पडली. हा गठ्ठा म्हणजेच पॅकेज. १९९३ सालीं इयन मरडॉक यानें सुरू केलेल्या डेबियनमध्यें गठ्ठा सोडून त्यांतील वस्तु जागच्या जागीं लावणारा ‘डीपीकेजी’ हा प्रोग्राम प्रथम झाला; आणि कोणता गठ्ठा कोठून आणावयाचा व त्याबरोबर आणखी कोणते हवेत याचा हिशेब करणारा ‘ॲप्ट’ १९९८ सालीं आला. रेड हॅटच्या घराण्यांत हींच दोन कामें ‘आरपीएम’ व ‘यम’ यांनीं केलीं, आणि पुढें ‘यम’ची जागा ‘डीएनएफ’नें घेतली. आर्च लिनक्समध्यें दोन्ही कामें एकटा ‘पॅकमन’ करितो.

गठ्ठा दूरच्या भांडारांतून निघून आपल्या संगणकांत लागेपर्यंत पांच पायऱ्या चढाव्या लागतात. पहिली, भांडाराचा पत्ता. दुसरी, भांडाराशीं सुरक्षित संभाषण. तिसरी, मालाच्या यादीवरील स्वाक्षरीची व तारखेची तपासणी. चौथी, अवलंबनाचा हिशेब. आणि पांचवी, गठ्ठा सोडून मांडणें. यांतील प्रत्येक पायरीवर व्यवस्थापक सिस्टीममधील दुसऱ्या एखाद्या साधनाची मदत घेतो, आणि तें साधन जुनें झालेलें असलें म्हणजे व्यवस्थापक निर्दोष असूनहि अडतो. खरी पंचाईत ही, कीं नवें साधन मिळावयाचें तें व्यवस्थापकाकडूनच, आणि व्यवस्थापक चालावयाचा तर साधन आधीं नवें हवें! विहिरींत पडलेली दोरी वर काढावयास दुसरी दोरीच लागावी, तसा हा प्रकार आहे. म्हणून अडथळा कोणत्या पायरीवर आहे हें ठरविणें हेंच निम्में काम होय.

पहिली पायरी : पत्ता

प्रत्येक आवृत्तीला आयुष्यमर्यादा असते. सेंटओएस ७ ची मर्यादा ३० जून २०२४ रोजीं संपली. त्यानंतर पत्त्यांची यादी देणारा सर्व्हर बंद झाला, व जुनीं पॅकेजें ‘व्हॉल्ट’ नांवाच्या जुन्या संग्रहांत राहिलीं. अशा संगणकावर ‘यजमानाचें नांव सांपडत नाहीं’ या अर्थाची ओळ येते, आणि वापरणारा तारा व राउटर तपासीत बसतो. वास्तविक नेटवर्क ठीक असतें. भांडार मात्र जागेवरून हललेलें असतें. डेबियनच्या जुन्या आवृत्त्यांसाठीं ‘आर्काइव्ह’ व उबुंटूच्या जुन्या आवृत्त्यांसाठीं ‘ओल्ड-रिलीजेस’ अशीं निराळीं स्थानें आहेत. तेव्हां दुसरें एखादें संकेतस्थळ उघडतें काय हें पाहावें; तें उघडत असेल तर आपल्या आवृत्तीचें आयुष्य संपलें आहे काय, हें आधीं विचारावें.

दुसरी पायरी : सुरक्षित संभाषण

भांडार खरें आहे याची ओळख प्रमाणपत्रांच्या सांखळीनें पटते. सांखळीची शेवटची कडी, म्हणजे मूळ प्रमाणपत्र, आपल्या संगणकांत आधींपासून ठेवलेलें असतें, व त्यालाहि मुदत असते. ३० सप्टेंबर २०२१ रोजीं ‘डीएसटी रूट सीए एक्स३’ या मूळ प्रमाणपत्राची मुदत संपली. ‘लेट्स एन्क्रिप्ट’ या संस्थेचीं असंख्य प्रमाणपत्रें त्याच्याशीं जोडलेलीं होतीं. त्या संस्थेचें स्वतःचें नवें मूळ प्रमाणपत्र होतें, व नव्या साधनांनीं त्या मार्गानें ओळख पटवून घेतली. परंतु ओपनएसएसएल १.०.२ हें जुनें साधन सर्व्हरनें दाखविलेल्या एकाच मार्गानें शेवटपर्यंत जात असे. त्या टोंकाला मुदत संपलेलें प्रमाणपत्र आढळून तें थांबलें. उपाय असा होता, कीं मुदत संपलेलें प्रमाणपत्र विश्वासाच्या पेटींतून काढून टाकावें व नवें तेथें ठेवावें. म्हणजे तेंच जुनें साधन योग्य मार्गानें जाऊं लागे.

याच पायरीवर आणखी एक साधें कारण असतें, आणि जुन्या संगणकांत तें वारंवार आढळतें. मदरबोर्डवरील नाण्याएवढी बॅटरी संपली म्हणजे घड्याळ कित्येक वर्षें मागें जातें. मग आजचें प्रमाणपत्र त्या संगणकाला अजून सुरूच न झालेलें वाटतें, व तो तें नाकारतो. म्हणून सर्वांत प्रथम ‘डेट’ ही आज्ञा देऊन तारीख पाहावी.

तिसरी पायरी : स्वाक्षरी आणि तारीख

भांडारांतील मालाची यादी स्वाक्षरित असते, व ती स्वाक्षरी पडताळून पाहण्याच्या चाव्या संगणकांत एका स्वतंत्र पॅकेजांत असतात. आर्च लिनक्सवर पुष्कळ महिने अद्ययावतीकरण केलें नाहीं म्हणजे नव्या पॅकेजवर ज्यांची सही आहे त्यांची चावीच संगणकाजवळ नसते, आणि पॅकमन सर्व माल परत पाठवितो. येथें चाव्यांचें पॅकेज प्रथम घ्यावें व लगेच संपूर्ण सिस्टीम अद्ययावत करावी. अर्धें काम करून थांबूं नये, कारण अर्धी नवी व अर्धी जुनी अशी सिस्टीम आर्चमध्यें मान्य नाहीं.

डेबियनच्या कित्येक याद्यांवर ‘अमुक तारखेपर्यंत ग्राह्य’ असेंहि लिहिलेलें असतें. एखाद्या कपटी मनुष्यानें जुनीच यादी पुढें करून सुरक्षेच्या दुरुस्त्या आपणांपासून लपवूं नयेत, हा त्याचा हेतु. संग्रहांत गेलेल्या आवृत्तीची यादी पुनः स्वाक्षरित होत नसल्यानें तिची तारीख उलटून जाते. तेवढ्यापुरती ही तारखेची तपासणी थांबविण्याची सोय ॲप्टमध्यें आहे. परंतु ती संग्रहासाठींच वापरावी, नित्याची संवय करूं नये.

चौथी पायरी : अवलंबन

सी भाषेची मूळ लायब्ररी ‘ग्लिबसी’ ही जवळजवळ प्रत्येक प्रोग्रामच्या पायाशीं असते. सेंटओएस ७ मध्यें ती २.१७ या क्रमांकाची आहे. आणि २०२२ सालीं निघालेल्या नोड १८ च्या तयार प्रतीला २.२८ हवी असते. अशा वेळीं ग्लिबसी हातानें बदलूं जाणें हा सर्वांत घातक उपाय होय. याद्या दाखविणारी, प्रती करणारी, किंबहुना आज्ञा ऐकणारी साधनें देखील तिच्यावरच उभीं असतात. फांदीवर बसून तीच तोडण्यासारखें तें आहे. प्रोग्रामची जुनी प्रत घ्यावी, नवी सिस्टीम असलेल्या कंटेनरमध्यें तो चालवावा, किंवा सिस्टीमच वरच्या आवृत्तीला न्यावी.

पायथनची गोष्टहि अशीच आहे. सेंटओएस ७ मधील ‘यम’ पायथन २ मध्यें लिहिलेला आहे. कोणी उत्साहानें ‘पायथन’ हें नांव पायथन ३ कडे वळविलें, कीं ‘यम’ सुरू होतांच व्याकरणाची चूक दाखवून थांबतो. तें नांव पुनः पायथन २ कडे वळविलें म्हणजे तो पूर्ववत् चालतो. नवा पायथन हवा असेल तर तो जुन्याच्या शेजारीं निराळ्या नांवानें ठेवावा.

पांचवी पायरी : गठ्ठा सोडणें

पॅकेज दाबून लहान केलेलें असतें, व दाबण्याच्या रीति काळानुसार बदलतात. आर्चनें डिसेंबर २०१९ च्या अखेरीस ‘एक्सझेड’ ही रीत सोडून ‘झेडस्टँडर्ड’ स्वीकारली. तिनें पॅकेजें किंचित् मोठीं झालीं, पण सोडण्याचा वेग कितीतरी पट वाढला. मात्र ज्यांच्या संगणकांतील ‘लिबआर्काइव्ह’ सप्टेंबर २०१८ पूर्वीचें होतें त्यांना हे गठ्ठे सोडतां येईनात. आणि नवें लिबआर्काइव्ह तर नव्याच रीतीनें बांधलेलें! अशा वेळीं, लागणारीं सर्व साधनें पोटांतच बाळगणारी पॅकमनची स्वयंपूर्ण प्रत उपयोगीं पडते. विहिरीबाहेर ठेवलेली दुसरी दोरी ती हीच.

उबुंटूनें ऑक्टोबर २०२१ मधील २१.१० या आवृत्तीपासून हीच रीत घेतली. डेबियन ११ चा डीपीकेजी तिला ओळखीत नाहीं. २०२३ मधील डेबियन १२ चा ओळखतो. तेथें अडलेल्यानें आधीं हें विचारावें, कीं उबुंटूसाठीं बांधलेला गठ्ठा आपण डेबियनवर कां सोडीत आहों? पुष्कळदां ही अडचण म्हणजे अडचण नसून सूचनाच असते.

एक उदाहरण

समजा, शाळेंत डेबियन ९ चा संगणक आहे. ही आवृत्ति जून २०१७ मध्यें निघाली, व तिची दीर्घ मुदतीची सेवा ३० जून २०२२ रोजीं संपली. ‘ॲप्ट अपडेट’ म्हटल्यावर ‘४०४’ हा आंकडा व रिलीज फाइल नसल्याची तक्रार येते. तारीख पाहिली, ती बरोबर. नेटवर्क पाहिलें, तें चालू. अर्थात् दोष पहिल्या पायरीवर आहे, म्हणून भांडाराचा पत्ता बदलून ‘आर्काइव्ह’चा घातला. विद्यार्थ्यानें सावधगिरीनें ‘एचटीटीपीएस’ लिहिलें, तर ॲप्ट म्हणतो, या रीतीचें संभाषण करणारें साधनच मजजवळ नाहीं! कारण ही सोय ॲप्टच्या १.५ या आवृत्तीपासून अंगभूत झाली. डेबियन ९ मधील १.४ ला त्यासाठीं निराळें पॅकेज लागतें. मग साध्या ‘एचटीटीपी’नें तें पॅकेज व प्रमाणपत्रांचें पॅकेज आधीं आणावें. यांत धोका नाहीं काय? नाहीं, कारण यादीवर स्वाक्षरी असते, आणि प्रत्येक पॅकेजचा ठसा त्या यादींत नोंदलेला असतो. पत्र कोणीहि आणून दिलें तरी लाखेची मोहोर शाबूत असली म्हणजे आंतला मजकूर खरा, त्यांतलाच हा न्याय.

येथवर संगणक बोलूं लागला, पण तो बरा झाला असें नव्हे. संग्रहांतील आवृत्तीला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नाहींत. म्हणून महत्त्वाच्या फाइलींची प्रत निराळ्या डिस्कवर काढून, आधीं आहे ती आवृत्ति पूर्ण अद्ययावत करावी. नंतर ९ वरून १०, १० वरून ११, ११ वरून १२ असें एकेक पायरीनें वर जावें. डेबियनमध्यें मधली आवृत्ति वगळून उडी मारण्याची रीत मान्य नाहीं. संगणक ३२ बिटांचा असेल तर मुक्काम १२ वरच करावा, कारण ऑगस्ट २०२५ मध्यें निघालेल्या १३ व्या आवृत्तींत तसल्या संगणकांसाठीं गाभा व इन्स्टॉलर दिलेला नाहीं.

समारोप

या विवेचनांतून कांहीं नियम निष्पन्न होतात. शेवटची ओळ न वाचतां दोषाची पहिली ओळ वाचावी, कारण पुढच्या ओळी बहुधा तिचींच लेंकरें असतात. एका वेळीं एकच बदल करावा व तो वहींत टिपून ठेवावा, म्हणजे मागें फिरतां येतें. ज्या साधनावर व्यवस्थापक स्वतः उभा आहे त्याला हात लावण्यापूर्वीं दहादां विचार करावा.

आणि सर्वांत महत्त्वाचें हें, कीं प्रत्येक व्यवस्थापकांत स्वाक्षरीची तपासणी अजिबात बंद करण्याची एक कळ असते. ती दाबली कीं अडचण तात्काळ नाहींशी होते, व म्हणूनच ती दाबण्याचा सल्ला सर्वत्र ऐकूं येतो. पण पॅकेज बसवितांना व्यवस्थापकाजवळ संगणकाचे सर्वाधिकार असतात. त्या क्षणीं जो आंत आला तो घरधनी झाला. ज्या संगणकांत मुलांचे गुण, त्यांच्या घरचे पत्ते किंवा एखाद्या दवाखान्याच्या नोंदी आहेत, त्याचें दार असें उघडें टाकणाऱ्यानें स्वतःची नव्हे, तर विश्वासानें आपली माहिती तेथें ठेवणाऱ्या दुसऱ्यांची सुरक्षितता खर्चीं घातली. व्यवस्थापक नकार देतो तेव्हां तो बहुधा आपलें कर्तव्यच करीत असतो. त्या नकाराचें कारण विचारावें, तें दूर करावें, आणि मग त्याच्याच हातून काम करून घ्यावें.