पर्सेंटाइल लागला, आता पसंतीक्रमाचं बोला

सीईटीचा निकाल लागला की घराघरांत पुढचे काही दिवस एकाच आकड्याभोवती फिरतात. तो आकडा सात दशांश स्थळांपर्यंत छापलेला असतो, आणि इतका बारीक छापलेला आकडा पाहिला की तो मुलाच्या कुवतीचं अचूक माप असणार असं वाटू लागतं. तसं नसतं. पर्सेंटाइल इतकंच सांगतो की त्या सत्रात परीक्षेला बसलेल्यांपैकी किती टक्के मुलांचे गुण तुमच्याइतके किंवा तुमच्याहून कमी होते. पीसीएम गटाला अलीकडे चार लाखांहून जास्त मुलं बसतात. म्हणजे ९९ आणि ९८ यांच्या मध्ये चार हजारांवर मुलं असतात, तर ९९.५ आणि ९९.४ यांच्या मध्येसुद्धा चारशेवर. दोनशे गुणांच्या या परीक्षेत गणिताचा एक प्रश्न दोन गुणांचा. तो एक प्रश्न हुकला तर गुणवत्ता यादीत नंबर काहीशे जागांनी खाली येऊ शकतो. निगेटिव्ह मार्किंग नसल्यामुळे अंदाजाने मारलेल्या खुणांचाही या आकड्यात वाटा असतो. मुलाने दोन वर्षं अभ्यास किती केला, हे त्या शेवटच्या दशांशांवरून कुणालाच सांगता येणार नाही.

तरीही त्या दशांशांवर बरंच काही ठरतं, हे नाकारण्यात अर्थ नाही. पुण्याचं सीओईपी १८५४ मध्ये सुरू झालं आणि २०२२ पासून ते स्वतंत्र तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. मुंबईचं व्हीजेटीआय १८८७ चं. दोन्ही सार्वजनिक संस्था, शुल्क नामांकित खासगी महाविद्यालयांपेक्षा कमी, नाव मोठं आणि जागा मर्यादित. राज्यातल्या लाखो मुलांनी मागितलेल्या मोजक्या जागा वाटायच्या तर कुठेतरी रेघ ओढावीच लागते, आणि ती रेघ ज्यांच्या अंगावरून जाते त्या वरच्या आणि खालच्या मुलांत फारसा फरक नसतो. आई-वडिलांना मात्र रेघेखाली राहिलेलं आपलं मूल दिसतं आणि त्यांची सगळी तगमग त्या आकड्यावर खर्च होते. रीचेकिंग असतं तर, दुसरी शिफ्ट मिळाली असती तर, क्लास बदलला असता तर. यातलं आता काहीच हातात नाही. हातात आहे तो पसंतीक्रम, आणि अनेक घरांत तोच शेवटच्या दोन दिवसांत, कुणाच्या तरी व्हॉट्सॲपवरून आलेली यादी समोर ठेवून, सायबर कॅफेतल्या माणसाच्या मदतीने भरला जातो. माझं म्हणणं एवढंच आहे की प्रवेशाचा खरा निर्णय ही यादी आहे. निकालावर जितकी चर्चा होते त्याच्या निम्मी जरी या यादीवर झाली, तर नंतरचं बरंच दुःख टळेल.

जागावाटप कसं चालतं ते नीट समजून घेतलं की हे पटतं. गुणवत्ता क्रमाने एकेका विद्यार्थ्याची पाळी येते आणि त्याच्या यादीतला पहिला पर्याय पाहिला जातो. तिथे त्याला लागू असलेली जागा शिल्लक नसेल तर दुसरा, मग तिसरा. खालचा पर्याय पाहिला जातो तो वरचे सगळे भरलेले असतील तेव्हाच. त्यामुळे ‘सीओईपी वर टाकलं आणि ते मिळालं नाही, तर खालचं चांगलं कॉलेजही हातचं जाईल’ ही सर्रास ऐकू येणारी भीती निराधार आहे. वरचा पर्याय हुकल्याने खालच्या पर्यायावरचा तुमचा हक्क तसूभरही कमी होत नाही. कारण तिथे तुमचा क्रम ठरतो तो गुणवत्तेने, तो पर्याय तुम्ही कितव्या नंबरवर लिहिलात त्याने नाही. जागा आणि पसंती यांची जोडणी कशी करावी याचा गणिती पाया डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली यांनी १९६२ मध्ये घातला, आणि २०१२ मध्ये शॅप्ली यांना ॲल्विन रॉथ यांच्यासोबत अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. या सगळ्या अभ्यासाने पालकांसाठी ठेवलेली कामाची गोष्ट साधी आहे: चांगल्या वाटप पद्धतीत खरी पसंती लिहिणाराचा तोटा होत नाही. ‘मिळेल ते वर’ या हिशेबाने यादी लावणारा मात्र स्वतःच्या हाताने वरची दारं बंद करतो.

यात एक पाचर आहे, आणि ती न कळल्याने दरवर्षी काही घरं अडकतात. २०२५-२६ च्या अभियांत्रिकी प्रवेशांत कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, चार फेऱ्या होत्या. पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला तर तो आपोआप फ्रीझ होई. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी कोणताही, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी कोणताही मिळाला तरी तेच. म्हणजे बेटरमेंटचा रस्ता बंद, तीच जागा घ्यायची. या नियमामागचं कारण योग्य आहे. मुलं जागा अडवून बसतात, शेवटी सोडून देतात आणि चांगल्या जागा रिकाम्या राहतात, ते थांबावं हा हेतू. परिणाम असा की यादीतली पहिली सहा नावं म्हणजे ‘हे मिळालं तर आम्ही थांबू’ असा दिलेला शब्दच. शेजारच्यांनी टाकलं म्हणून तिसऱ्या नंबरवर टाकलेलं कॉलेज दुसऱ्या फेरीत मिळालं की ते नको म्हणण्याची वेळ निघून गेलेली असते. नियम दरवर्षी थोडेफार बदलतात. म्हणून त्या वर्षीची माहितीपुस्तिका मुलाने आणि पालकांपैकी किमान एकाने मुळापासून वाचावी. कौन्सेलरने काढून दिलेला सारांश पुरत नाही.

आता या सहा नावांचा क्रम कशावर लावायचा? महाराष्ट्रातल्या घरांत इथे येऊन गाडी अडते ती एकाच प्रश्नावर: कॉलेज की शाखा? सीओईपीची मेटलर्जी वर ठेवायची की पीआयसीटी या खासगी कॉलेजची कॉम्प्युटर? बाहेरून पाहणाऱ्याला हा तांत्रिक प्रश्न वाटतो. आत तो बाप-मुलाच्या किंवा आई-मुलीच्या दोन वेगळ्या इच्छांचा प्रश्न असतो. वडिलांना सीओईपी हे नाव हवं असतं, मुलाला प्रोग्रॅमिंग. किंवा उलट: मुलीला भौतिकशास्त्राची आणि पदार्थांची गोडी असते, आणि घराला कॉम्प्युटरशिवाय नोकरी दिसत नाही. यावर एकच उत्तर देणाऱ्या मार्गदर्शकावर मी विश्वास ठेवणार नाही. पण दोन गोष्टी ठामपणे सांगता येतात. पहिली, कॉम्प्युटर आणि तिच्या नावभगिनी असलेल्या शाखांच्या जागा वेगाने वाढल्या आहेत. एआयसीटीईने २०२४-२५ पासून चांगल्या संस्थांसाठी प्रवेशक्षमतेची कमाल मर्यादा काढून टाकली आणि खासगी महाविद्यालयांनी या शाखांच्या तुकड्या वाढवल्या. त्यामुळे ‘कॉम्प्युटर मिळालं’ एवढ्यावर आता समाधान मानू नये. तिथे शिकवणारे किती, प्रयोगशाळा कशा, मागची तुकडी कुठे लागली, हे कॉलेजनिहाय पाहावं. दुसरी, पहिल्या वर्षानंतर शाखा बदलून मिळेल या आशेवर नको असलेली शाखा पहिल्या सहात घालू नये. अशा जागा थोड्या असतात, त्यासाठी पहिल्या वर्षी वर्गात अगदी वरचे गुण लागतात आणि त्याच आशेवर आलेली दुसरी मुलंही असतात.

इथे पालकांचा आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. कॉलेजच्या नावाला किंमत नाही असं म्हणणारे लेख सगळे वाचतात, पण कंपन्या कॅम्पसला येतात त्या नाव पाहूनच. हे खरं आहे, आणि त्याला भारतातला पुरावा आहे. अर्थशास्त्रज्ञ शीतल सेखरी यांनी भारतातल्या नामांकित सार्वजनिक महाविद्यालयांच्या प्रवेशरेघेच्या किंचित वर आणि किंचित खाली असलेल्या विद्यार्थ्यांची तुलना केली. तो अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. रेघेच्या वरच्यांना पगार जास्त मिळाला, पण पदवी परीक्षेतल्या त्यांच्या गुणांत फरक दिसला नाही. म्हणजे तिथे शिकून ते जास्त हुशार झाले असं दिसत नाही, पण बाजाराने नावाचे पैसे दिले. अमेरिकेतला स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर यांचा २००२ चा अभ्यास दुसरी बाजू दाखवतो. सारख्याच तोलाच्या कॉलेजांत अर्ज करून सारखेच प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्यांपैकी कमी चुरशीच्या कॉलेजात गेलेल्यांची पुढची कमाई सरासरीने मागे पडली नाही. गरीब घरांतून आलेल्यांना मात्र चुरशीच्या कॉलेजचा फायदा झाला. दोन देश वेगळे, कॉलेजं वेगळी, तरी एकत्र वाचले की त्यांतून एक उपयोगी निष्कर्ष निघतो. नाव हे सुरुवातीला उघडणारं दार आहे, आणि ज्या घरात ओळखी, पैसा, इंग्रजी या बाकीच्या किल्ल्या नाहीत त्या घराला त्या दाराची गरज जास्त. बीड-नांदेडच्या शेतकरी घरातल्या मुलीने सीओईपी किंवा व्हीजेटीआय शाखेपेक्षा वर ठेवलं तर तो मुळीच अविचार नाही. पुण्या-मुंबईतल्या दोन अभियंत्यांच्या मुलाने तेच नाव केवळ प्रतिष्ठेसाठी वर ठेवलं आणि आवडीची शाखा खाली ढकलली, तर त्याच्या पदरात त्याहून कमी पडेल. म्हणून दुसऱ्याची यादी आपल्याला लागू पडत नाही.

नाव मिळालं नाही म्हणून दार कायमचं बंद होतं असंही नाही. गेटच्या परीक्षेत पदवीचं कॉलेज विचारत नाहीत, आणि त्या गुणांवर आयआयटीत एमटेकला आणि काही सरकारी कंपन्यांत नोकरीला जाता येतं. यूपीएससीच्या अभियांत्रिकी सेवा परीक्षेचंही तसंच. हे सांत्वन म्हणून सांगत नाही. चार वर्षांनी दुसरी रांग लागते आणि तिथला नंबर नव्याने ठरतो, हे यादी करताना लक्षात असलं की पहिल्या रांगेचं ओझं योग्य तेवढंच राहतं.

एक वर्ष ड्रॉप घ्यावा का, हा प्रश्न याच दिवसांत उठतो. त्याचं उत्तर पर्सेंटाइल किती कमी पडला यावर शोधू नये, का कमी पडला यावर शोधावं. अभ्यासक्रमच पुरा झाला नव्हता, आजारपण होतं, अकरावी वाया गेली होती, तर वर्ष कामी येण्याची शक्यता बरी. सगळं झालं होतं, सराव परीक्षांतही असाच आकडा येत होता आणि हवंय फक्त एक नाव, तर त्या वर्षात नेमकं काय वेगळं करणार हे कागदावर लिहून पाहावं. लिहिता आलं नाही तर वर्ष देऊ नये. आणि ड्रॉप घ्यायचा निर्णय मुलाचाच असावा. आई-वडिलांच्या आग्रहाने घेतलेलं वर्ष मुलाला घरातच परक्यासारखं काढावं लागतं, ही किंमत कुठल्याच कटऑफमध्ये दिसत नाही.

‘पण सतराव्या वर्षी मुलाला काय कळतं’ हा दुसरा आक्षेप. पुष्कळ गोष्टी कळत नाहीत, हे मान्य. पण ज्या गोष्टी त्याला कळत नाहीत त्या सांगणं पालकांचं काम आहे: घराला शुल्क किती झेपेल, कर्ज काढायचं का, वसतिगृहाचा खर्च कोण उचलेल, बाहेरगावी पाठवायची घराची तयारी आहे का. हे आकडे मुलांपासून लपवले जातात, ‘तू अभ्यास कर, पैशाचं आम्ही बघतो’ असं प्रेमाने सांगितलं जातं, आणि मग यादी भरताना अचानक एखादं कॉलेज कारण न देता कापलं जातं. मुलाला वाटतं, आपल्यावर भरवसा नाही. पालकांनी मर्यादा आधी उघड सांगावी आणि त्या मर्यादेच्या आत क्रम मुलाला लावू द्यावा. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क राज्य शासनाने २०२४-२५ पासून पूर्ण माफ केलं आहे, पण ते कॅपमधून मिळालेल्या प्रवेशाला. व्यवस्थापन कोट्यातून जागा घेतली की ती सवलत जाते. घाबरून जुलैमध्येच कोट्याची जागा पैसे भरून अडवणाऱ्या घरांनी हा हिशेब आधी करावा.

मागच्या वर्षीचा कटऑफ वाचतानाही घाई होते. एकाच कॉलेजच्या एकाच शाखेसमोर डझनभर आकडे असतात, कारण जागा प्रवर्गानुसार, मुलींसाठी राखीव आणि विद्यापीठ क्षेत्रानुसार वाटलेल्या असतात. सांकेतिक नावात सुरुवातीला ‘जी’ असेल तर सर्वसाधारण, ‘एल’ असेल तर मुलींची जागा. शेवटी ‘एच’ म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ‘ओ’ म्हणजे त्याबाहेरची, ‘एस’ म्हणजे राज्य पातळीवरची. आपल्या रकान्याऐवजी भलताच रकाना वाचून आशा किंवा निराशा करून घेणारे पालक कमी नाहीत. तिसऱ्या-चौथ्या फेरीचा कटऑफ पहिल्या फेरीला लावून पाहणारेही तितकेच. आरक्षणावरून घरात जो त्रागा होतो त्यानेही मुलाला काही मिळत नाही. त्याची स्पर्धा त्याला लागू असलेल्या रकान्यांतच आहे, आणि तेच रकाने नीट वाचून यादी लावायची आहे.

कागदपत्रांचं काम मुलावर टाकू नये, ते पालकांनी घ्यावं. जातवैधता प्रमाणपत्र, चालू वर्षापर्यंत वैध असलेलं नॉन-क्रिमीलेअर, ईडब्ल्यूएसचा दाखला, उत्पन्नाचा दाखला यांना तहसील आणि पडताळणी समितीत वेळ लागतो. निकालानंतर धावाधाव सुरू केली तर मुदत उलटते आणि ९९ पर्सेंटाइलचा विद्यार्थी प्रवर्गातून खुल्या गटात ढकलला जातो. बारावीच्या दिवाळीपर्यंत हे अर्ज केलेले असले, पावत्या एका फाइलमध्ये आणि स्कॅन केलेल्या प्रती मुलाच्या ईमेलवर असल्या, तर जून-जुलै मोकळा राहतो. मग त्या मोकळ्या दिवसांत एका संध्याकाळी फोन बाजूला ठेवून मुलाने आपली पहिली सहा नावं घरच्यांना मोठ्याने वाचून दाखवावीत, प्रत्येकाचं कारण सांगावं, आणि पालकांनी मध्ये न बोलता ते ऐकून मग आपले प्रश्न विचारावेत.