बत्तीस पट्ट्यांचे वाद्य : एक पाठ

स्मरणिकेच्या निमित्ताने विद्यालयाच्या कोठीची आवराआवर सुरू असताना, जुन्या हजेरीपटांच्या गठ्ठ्याखाली हातभर लांबीचे एक काळे वाद्य सापडले. १९९६ साली मी येथे रुजू झालो, त्याच वर्षी आखाती देशात नोकरी करणाऱ्या एका पालकांनी ते वसतिगृहाला भेट दिले होते. एक तरुण सहकारी म्हणाले, "सर, हे आता भंगारातच घालायचे ना?" त्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी हा लेख लिहीत आहे.

नाणे, ताम्रपट किंवा शिलालेख हाती आला म्हणजे इतिहासाचा विद्यार्थी काही ठरावीक प्रश्न विचारतो. तो कोणी घडवला? कोणासाठी घडवला? त्यात काय नोंदले आणि काय वगळले? हेच प्रश्न या वाद्यालाही विचारता येतात.

हे वाद्य म्हणजे जपानच्या कॅसिओ कंपनीचा एसके-१ हा की-बोर्ड. तो १९८६ च्या सुमारास बाजारात आला. गणकयंत्रांसाठी प्रसिद्ध असलेल्या या कंपनीने १९८० पासून वाद्ये काढायला सुरुवात केली होती. सातारा-सांगलीकडे तर 'कॅसिओ' हे कंपनीचे नाव न राहता वाद्याचेच नाव झाले. बँडमधला वादक दुसऱ्या कोणत्याही कंपनीचा की-बोर्ड वाजवीत असला, तरी लोक "तो कॅसिओ वाजवतो" असेच म्हणतात.

एसके-१ ला बत्तीस लहान पट्ट्या आहेत. त्या मुलांच्या बोटांच्या मापाच्या असल्याने मोठ्या माणसाचे बोट कित्येकदा दोन पट्ट्यांवर पडते. एका वेळी चारच सूर उमटतात. पियानो, ट्रम्पेट, बासरी, ऑर्गन, मानवी स्वर असे मोजके आवाज त्यात कायमचे भरलेले आहेत. रॉक, वॉल्ट्झ, सांबा, बोसानोव्हा असे ठेके बटण दाबताच सुरू होतात. वीज नसली तरी पेन्सिल सेलवर ते चालते. भारनियमनाच्या दिवसांत संध्याकाळच्या गीतसरावाला या सोयीचे मोल किती होते, हे त्या काळच्या विद्यार्थ्यांना आठवत असेल.

परंतु या वाद्याचे खरे वैशिष्ट्य त्याच्या अंगातच बसवलेल्या लहान मायक्रोफोनमध्ये आहे. त्यासमोर कोणताही आवाज काढला, की वाद्य तो साठवून घेते आणि बत्तीसही पट्ट्यांवर वाजवून दाखवते. याला नमुना घेणे म्हणजे सॅम्पलिंग म्हणतात. आवाज म्हणजे हवेतील कंप. हे यंत्र त्या कंपाची उंची एका सेकंदात सुमारे ९,३८० वेळा मोजते आणि प्रत्येक मोजणीला २५६ पायऱ्यांपैकी एक अंक देते. साठवण फक्त १.४ सेकंदांची, म्हणजे सुमारे तेरा हजार अंकांची. तेच अंक दुप्पट वेगाने वाचले की आवाज एक सप्तक वर जातो आणि निम्म्या वेळात संपतो. निम्म्या वेगाने वाचले की तो खाली उतरतो व लांबतो. 'डिजिटल' या शब्दामागे एवढीच गोष्ट आहे.

मर्यादाही याच गणितातून येते. जितक्या वेळा मोजावे त्याच्या निम्म्या कंपसंख्येपर्यंतचाच आवाज टिपता येतो. येथे ती सीमा सुमारे ४,६९० आहे. 'स' आणि 'श' यांच्यातील बारीक सुसकारा बराचसा त्याच्या वरचा असल्याने ही अक्षरे या वाद्यात बोथट ऐकू येतात. अशा रीतीने भाषेच्या तासाचा धडाही आम्हांला संगीताच्या वाद्याने दिला.

त्या वर्षी जत तालुक्यातून आलेला एक मुलगा सहावीत होता. घरची भाषा कानडी असल्याने त्याच्या मराठी उच्चारांना वर्गात हसू फुटे. त्यामुळे प्रकट वाचनाची पाळी आली की तो खाली मान घालून उभा राहत असे. एका सायंकाळी आमच्या संगीताच्या गुरुजींनी त्याला जवळ बोलावून मायक्रोफोनसमोर फक्त 'आ' म्हणायला सांगितले. मग त्याच 'आ'वर त्यांनी शाळेच्या गीताची चाल वाजवली. चाळीस मुलांनी त्या आवाजामागून गीत म्हटले. तास संपल्यावर तो माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "सर, तो आवाज माझाच होता ना?" पुढच्या शनिवारच्या सभेत तो चार वाक्ये बोलला. कोणी हसले नाही.

या वाद्याच्या आणखी एका मर्यादेचा संबंध थेट आपल्या दोन जिल्ह्यांच्या इतिहासाशी आहे. की-बोर्ड असो वा पेटी, तिच्या पट्टीचा सूर ठरलेला असतो. सप्तकाचे बारा सारखे भाग करून या पट्ट्या लावतात. षड्ज २४० कंपसंख्येचा धरला, तर तानपुऱ्याशी जुळणारा शुद्ध गांधार ३०० वर येतो. की-बोर्डचा गांधार मात्र सुमारे ३०२.४ वर असतो. पंचम ३६० ऐवजी ३५९.६ असतो. पंचमातला फरक कानाला जाणवत नाही. गांधारातला फरक तयार कानाला टोचतो.

हीच टोचणी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी आपल्या भागातील काही अभ्यासकांना लागली होती. निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. साताऱ्याचे जिल्हा न्यायाधीश अर्नेस्ट क्लेमेंट्स हे त्यांचे सहकारी. गळ्यातील सूक्ष्म सूर मोजण्यासाठी त्यांना उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचे साहाय्य लाभले. हेच खाँसाहेब पुढे मिरजेत स्थायिक झाले. या मंडळींनी बारांऐवजी बावीस श्रुती वाजवणारी पेटी लंडनहून घडवून घेतली. १९१६ च्या बडोदा संगीत परिषदेत तिच्यावरून तीव्र मतभेद झाले आणि ती पेटी प्रचारात आली नाही. तरीही एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. पट्ट्यांत कोणते सूर असावेत हे परक्या कारखान्याने ठरवावे आणि आपण मुकाट्याने वाजवावे, हे या अभ्यासकांनी मान्य केले नाही.

पुढे १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली. तिच्यातून मींड निघत नाही, तिचे सूर आपल्या संगीताला मानवत नाहीत, हे आक्षेप होते. १९७१ च्या सुमारास ती बंदी शिथिल होऊ लागली. परंतु रेडिओच्या दाराबाहेर पेटी थांबली नव्हती. सातारा भागात सत्यशोधक जलशांनी, आणि पुढे भीमराव कर्डकांसारख्यांच्या आंबेडकरी जलशांनी, पेटी व ढोलकीच्या साथीने गावोगावी विचार पोहोचवला. याचे कारण साधे होते. हलगी, डफ, संबळ ही वाद्ये गावगाड्याने जातीच्या गळ्यात बांधली होती. ती वाजवणे हे पुष्कळदा कौशल्य नसून वेठ होती. उलट घराणेदार संगीत शिकायला उस्तादाच्या दारात प्रवेश मिळावा लागे. पेटी मात्र कोणाच्या वतनातली नव्हती. पैसे साठवून ती विकत घेता येई, डोक्यावरून नेता येई आणि ऐकून ऐकून शिकता येई. तिच्या गांधारातला दोष खरा होता. पण ज्यांना तानपुऱ्याजवळ बसूच दिले नव्हते, त्यांच्या दृष्टीने त्या दोषाचे वजन किती असणार?

कॅसिओ हा त्या पेटीचाच नातू. त्यातले आवाजही कोणीतरी निवडलेले असतात. १९८१ साली निघालेल्या कॅसिओच्या एमटी-४० या लहान की-बोर्डमध्ये 'रॉक' नावाचा एक ठेका होता. तो रचणाऱ्या ओकुदा हिरोको या नुकत्याच नोकरीला लागलेल्या तरुणी होत्या. १९८५ मध्ये जमैकातील किंग्स्टन शहरातल्या वेन स्मिथ आणि नोएल डेव्ही या तरुणांनी तो ठेका आपल्या चालीला साजेसा संथ करून वापरला. पदरी मोठा वाद्यवृंद नसलेल्या मुलांनी एका स्वस्त यंत्रातून केलेल्या त्या गाण्याने त्या देशाच्या लोकप्रिय संगीताला नवे वळण दिले. यंत्र जपानचे, नाव 'रॉक', पण संगीत त्यांचे स्वतःचे. बटण दाबणे आणि वाद्य वाजवणे यांतील अंतर या उदाहरणात दिसते.

आमच्या मुलांनीही आपल्या परीने ते अंतर पार केले होते. एसके-१ च्या यादीत हलगी नाही. एका स्नेहसंमेलनापूर्वी सातवीच्या मुलांनी कोठून तरी हलगी आणली आणि तिचा एकच ठोका मायक्रोफोनसमोर वाजवला. मग खालच्या पट्ट्यांवर तोच ठोका नगाऱ्यासारखा घुमला, वरच्या पट्ट्यांवर टिमकीसारखा वाजला. काही पालक प्रथम अस्वस्थ झाले. ज्या वाद्यापासून आपण मुलांना दूर आणले, तेच पुन्हा कशाला, असे एका आजोबांनी मला विचारले. त्यांच्या प्रश्नामागे आयुष्यभराचा अनुभव होता. मी त्यांच्याशी वाद घातला नाही. कार्यक्रम संपल्यावर मात्र ते स्वतः रंगमंचाजवळ आले आणि हाताने ताल धरून मुलांना म्हणाले, "असा नाही, असा वाजवा." सक्ती गेली, की कला ज्याची त्याला परत मिळते, हे मी त्या सायंकाळी पाहिले.

आज मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. भारतासाठी खास काढलेल्या नव्या की-बोर्डांत तबला, ढोलक, तानपुरा यांचे आवाज आहेत. मोबाइलवर तर १.४ सेकंदांच्या जागी तासन्‌तास ध्वनिमुद्रण होते. तेव्हा या जुन्या वाद्याची उपयुक्तता संपली, असे कोणी म्हणेल. माझे मत वेगळे आहे. मोबाइलमध्ये आवाजाचे अंक कसे होतात हे दिसत नाही. येथे एक मूल स्वतःचे नाव उच्चारते, पट्ट्या दाबते आणि सबंध प्रक्रिया पाच मिनिटांत त्याच्या हाती लागते. विज्ञान, संगीत, भाषा आणि इतिहास यांचा एकत्र पाठ देणारे इतके स्वस्त साधन माझ्या पाहण्यात दुसरे नाही.

हे वाद्य सध्या पूर्ण चालत नाही. सेलच्या खणातील पत्र्यांना गंज चढला आहे आणि काही पट्ट्या दाबूनही सूर उमटत नाही. आपल्या माजी विद्यार्थ्यांत इलेक्ट्रॉनिक्सची दुरुस्ती करणारे अनेक जण आहेत. त्यांच्यापैकी कोणी एक रविवार सवड काढून आले, तर हे काम होण्यासारखे आहे. दुरुस्त झालेले वाद्य काचेच्या कपाटात ठेवू नये, सहावीच्या वर्गात ठेवावे, अशी माझी विद्यालयाच्या व्यवस्थापनाला विनंती आहे. या वर्षीही त्या वर्गात खाली मान घालून उभी राहणारी दोन मुले आहेत.