आश्विनातील श्रमदान : हायस्कूलची मुले आणि वनराई बंधारा

दसरा उलटला की कोकणातल्या पऱ्यांचा आवाज बदलतो. श्रावणात जो पऱ्या ओलांडताना मोठ्या माणसालाही काठी टेकावी लागते, त्याच पऱ्यातून आश्विनात पोरे घोटाभर पाण्यातून शाळेत जातात. पाणी नितळ असते, रात्रंदिवस वाहत असते आणि कुणाच्याही कामाचे नसते. विहिरी भरलेल्या, शेतात भात पिवळे पडलेले. अशा दिवसांत पाण्याची आठवण कुणाला होणार? ती होते चैत्र-वैशाखात. तेव्हा पऱ्यात उन्हाने पांढरे पडलेले गोटे असतात आणि आपल्या आयाबहिणी विहिरीच्या तळाशी उतरून वाटीवाटीने हंडा भरत असतात.

वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या मुलखात मे महिन्यात टँकरची वाट पाहावी लागते, याचे मुंबईच्या लोकांना नवल वाटते. कारण साधे आहे. सह्याद्रीच्या कड्यापासून समुद्र फारसा लांब नाही आणि सगळी जमीन उताराची. वरचा जांभा दगड सच्छिद्र. तो पाणी पितो, पण धरून ठेवत नाही. चार महिन्यांत आलेले पाणी काही महिन्यांतच खाडीला जाऊन मिळते. म्हणून जे काही अडवायचे ते पाऊस संपल्यावर, पण पऱ्या वाहता असतानाच अडवावे लागते. हा काळ म्हणजे शरद ऋतू, आश्विन आणि कार्तिक. हायस्कूलच्या मुलांना दिवाळीची सुटीही नेमकी याच काळात मिळते.

आमच्या मंडळाच्या गावशाखेने आणि गावच्या हायस्कूलमधील आठवी ते दहावीच्या मुलामुलींनी मिळून सलग चार वर्षे या दिवसांत वनराई बंधारे घातले. त्यात काय साधले, काय फसले, हे येथे सांगत आहोत. इतर गावच्या शाखांना आणि तेथील विद्यार्थ्यांना त्याचा उपयोग व्हावा, एवढाच हेतू आहे.

प्रथम नावाविषयी. रिकाम्या सिमेंटच्या पोत्यांत माती-वाळू भरून ओढ्यावर रचलेल्या तात्पुरत्या बांधाला आपल्याकडे ‘वनराई बंधारा’ म्हणतात. मोहन धारिया यांनी १९८६ साली स्थापन केलेल्या ‘वनराई’ या संस्थेवरून हे नाव पडले. धारिया मूळचे महाड तालुक्यातील नाते गावचे. दगड-मातीचे कच्चे बांध आपले वाडवडीलही घालीत होतेच. पोत्यांमुळे ते काम शाळकरी मुलांच्या आवाक्यात आले. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली ३७ विद्यापीठांतून सुरू झाली आणि पुढे तिच्या शिबिरांत असे बंधारे पुष्कळ झाले. परंतु ती योजना महाविद्यालयांची व अकरावी-बारावीची. आठवी ते दहावीच्या मुलांसाठी कार्यानुभवाचा तास आणि बाईंचा उत्साह, एवढेच भांडवल असते.

विद्यार्थी मित्रांनो, जागा निवडणे हे निम्मे काम आहे. पऱ्याचे पात्र अरुंद हवे, दोन्ही काठ उंच व घट्ट हवेत, तळ खडकाळ किंवा चिकण मातीचा हवा, आणि वरच्या बाजूला उतार कमी हवा. उतार कमी असला की तेवढ्याच उंचीच्या बांधाने पाणी लांबवर तुंबते. आमच्या गणिताच्या सरांनी मुलांना पट्टी, दोरी आणि पाण्याने भरलेली पारदर्शक नळी देऊन उतार काढायला लावला. शंभर मीटरला तीन मीटर उतार भरला. बांधाची उंची १.२ मीटर धरली तर पाणी मागे ४० मीटरपर्यंत जाणार. रुंदी ६ मीटर. बांधापाशी खोली १.२ मीटर आणि शेपटाला शून्य, म्हणून सरासरी ०.६ मीटर. ४० गुणिले ६ गुणिले ०.६ म्हणजे १४४ घनमीटर, अर्थात एक लाख चव्वेचाळीस हजार लिटर. मुले खूश झाली. सरांनी मग विचारले, पऱ्याचा तळ हौदासारखा सपाट आहे काय? तो नावेसारखा खोलगट असतो. म्हणून निम्मेच धरा. सत्तर हजार लिटर.

यानंतर त्यांनी वाहत्या पाण्याचे गणित घातले. दहा मीटर अंतर आखून पाण्यात वाळके पान सोडले. ते पन्नास सेकंदांत पोहोचले. प्रवाहाची रुंदी दोन मीटर, खोली सरासरी दहा सेंटीमीटर. पृष्ठभागावरचे पाणी तळाच्या पाण्यापेक्षा वेगाने धावते, म्हणून येणाऱ्या आकड्याला ०.८ ने गुणायचे. सेकंदाला सुमारे ३२ लिटर पाणी आले. म्हणजे आपला सगळा बंधारा पाऊण तासाच्या आत भरणार आणि पुढचे पाणी वरून सांडून जाणार! नववीच्या एका मुलाने सरळ विचारले, “सर, मग बांधायचा कशाला?”

हा प्रश्न मोठ्या माणसांच्या सभेत कुणी विचारला नव्हता. त्याचे उत्तर असे. बंधारा ही टाकी नव्हे. पाणी उंच झाले की ते दोन्ही काठांच्या मातीत शिरते, आणि भिजलेले काठ पुढे ते पाणी हळूहळू सोडतात. जवळच्या विहिरीला त्याचा आधार मिळतो. गुरांना उभ्याने पाणी पिता येते, कपडे धुता येतात, काठच्या वाफ्यांना कळशीने पाणी घालता येते. जानेवारीअखेर मुलांनी पुन्हा प्रवाह मोजला. तेव्हा पन्हळीखाली धरलेली पंधरा लिटरची बादली पाच सेकंदांत भरत होती, म्हणजे सेकंदाला तीन लिटर. त्या दिवसांत बंधारा नसता तर ते पाणी गोट्यांतून नुसते पाझरत गेले असते. मात्र जो पऱ्या दिवाळीलाच आटतो, त्यावर बंधारा घालणे म्हणजे पोती वाया घालवणे होय. असे बंधारे आम्ही पाहिले आहेत. ते फोटोत छान दिसतात.

आता बांधणी. सहा मीटर लांब व १.२ मीटर उंच बांधाला तळाशी १.८ मीटर आणि माथ्याला ०.६ मीटर रुंदी ठेवावी. असा बांध सुमारे साडेआठ घनमीटर भरतो. दोनतृतीयांश भरलेले पोते साधारण पाव घनमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढी जागा घेते, म्हणजे साडेतीनशेच्या घरात पोती लागतात. पोते गच्च भरू नये. गच्च पोते गोल होते आणि दोन पोत्यांमध्ये भोके राहतात. सैल पोते बसते आणि शेजाऱ्याला चिकटते. विटांप्रमाणे सांधेमोड करून रचावे. पोत्याचे तोंड दोऱ्याने शिवून प्रवाहाच्या उलट दिशेला ठेवावे. सांध्यांत चिकण माती दाबावी. मधला भाग काठांपेक्षा वीतभर खाली ठेवावा, म्हणजे जादा पाणी मधून सांडते. काठाकडून सांडले तर ते काठच खाऊन टाकते.

भरलेले पोते चाळीस किलोच्या आसपास भरते. ते तेरा-चौदा वर्षांच्या मुलाच्या पाठीवर देऊ नये, हे आम्हांला पहिल्या दिवशी दुपारी उमगले. दोन मुलांच्या कमरा धरल्या होत्या. तेव्हापासून माती घमेल्यांनी साखळी करून आणायची आणि पोते बांधावरच भरायचे, असा नियम केला. सिमेंटची पोती आधी झाडून, खालच्या अंगाला धुऊन घ्यावीत. ती पूड अंगाला चरचरते. कीटकनाशकाची पोती मुळीच वापरू नयेत. दगडाखाली हात घालण्यापूर्वी काठीने ढवळावे, कारण आमच्या भागात फुरसे सर्रास आढळते. पायाला जखम असलेल्या मुलाला पाण्यात उतरवू नये. त्याला पोती मोजायला बसवावे. मोजणाराही लागतोच.

पहिल्या वर्षी आम्ही घाई केली. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, मुंबईकर मंडळी गावी असताना काम उरकावे म्हणून बंधारा घातला. नारळ फुटला, भाषणे झाली. पाच दिवसांनी संध्याकाळी परतीचा पाऊस गडगडाटासह दोन तास कोसळला आणि सकाळी पऱ्यात तीस-चाळीस पोती उरली. बाकीची खाली शेतात, कुंपणांना अडकलेली. ज्या शेतकऱ्याच्या उभ्या भातात ती गेली, त्याच्या तोंडून आम्ही जे ऐकले ते येथे लिहिण्यासारखे नाही, पण त्याचा एकही शब्द खोटा नव्हता. मुलांनी दोन दिवस पोती वेचली. वेधशाळेने पाऊस कोकणातून माघारी गेल्याचे सांगितल्याशिवाय पोत्याला हात लावायचा नाही, हा ठराव शाखेच्या वहीत त्या दिवसाच्या तारखेने आहे.

पण उशीर करावा तर भातकापणी येते. हळवे भात दसऱ्याच्या आगेमागे, गरवे दिवाळीनंतर. त्या दिवसांत आठवीचा मुलगासुद्धा घरच्या विळ्यावर हवा असतो. ज्याच्या घरी जमीन थोडी किंवा नाहीच, तो मजुरीला जातो. दुसऱ्या वर्षी हजेरी लावली तेव्हा लक्षात आले की ज्यांच्या घरी पाण्याची सर्वांत जास्त ओढ, त्यांचीच मुले श्रमदानाला कमी येतात. कुणी त्यांना ‘आळशी’ म्हणाले. आमच्यातल्याच एका जाणत्या बाईंनी त्याला चांगले सुनावले. मग श्रमदानाची वेळ सकाळी सात ते नऊ केली आणि दिवसाऐवजी आठवडाभर रोज थोडे काम ठेवले. सेवा ही फावल्या वेळाची असते असे पुस्तकात वाचतो. पण फावला वेळही सर्वांना सारखा मिळत नाही.

सर्वांत अवघड गोष्ट मात्र पोत्यांची नव्हती, जागेची होती. मुलांनी मोजमाप करून दोन जागा काढल्या. एक वर, गावाच्या विहिरीजवळ. एक खाली, आमच्या वाडीच्या वाटेवर. वरची जागा गणिताने थोडी सरस होती. सभेत जुनी माणसे गप्प बसली. का गप्प बसली, ते मुलांना कळेना. आम्हांला कळत होते. ज्या पिढीला वरच्या पाणवठ्यावर हात लावू दिला जात नव्हता आणि खालच्या अंगाचे, वरून वापरून आलेले पाणी घ्यावे लागत होते, त्या पिढीचे लोक तेथे बसले होते.

येथे इतिहास थोडा सांगणे भाग आहे. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत असा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात १९२३ साली संमत झाला. महाड नगरपालिकेने १९२४ साली आपले तळे त्याप्रमाणे खुले केले, पण कागदावर. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब सहकाऱ्यांसह चवदार तळ्यावर गेले तेव्हा ते कागद खरे झाले. आणि न्यायालयातला निकाल उच्च न्यायालयाकडून कायम व्हायला १७ मार्च १९३७ उजाडावा लागला. ठरावापासून निकालापर्यंत चौदा वर्षे! पाणी कोठे अडते आणि त्याला पहिला हात कुणाचा लागतो, हा प्रश्न केवळ उताराचा नव्हे, हे मुलांना त्या सभेत प्रथम समजले असावे.

कोंडी फोडली ती दहावीच्या एका मुलीने. ती म्हणाली, मापे आम्ही घेतली, पण पाणी आम्ही नाही, आमच्या आया भरतात, त्यांना विचारा. दुसऱ्या दिवशी मुली दोन्हींकडच्या घरोघर गेल्या. किती हंडे, किती खेपा, किती चढण, ते विचारून वहीत लिहिले. वाडीच्या बायांना उन्हाळ्यात रोज सात-आठ खेपा आणि मध्ये उभी घाटी, असे निघाले. गावाच्या बाजूच्या बायांनीही खालच्या जागेला नाही म्हटले नाही. गुरे तिकडेच जातात, असे त्या म्हणाल्या. खालची जागा ठरली. एक-दोघे रुसले. पुढच्या वर्षी वरच्या जागेवर दुसरा बंधारा घातला, तेव्हा वाडीची मुले तेथेही पोती भरायला होती. आता एका वर्षी आधी खाली, दुसऱ्या वर्षी आधी वर, असा पाळीचा रिवाज पडला आहे. भांडणे होतात, पण ती मापाची वही समोर ठेवून होतात.

फोटोविषयी एक तक्रार नोंदवतो. तिसऱ्या वर्षी बाहेरून पाहुणे आले, प्रत्येकाने एकेक पोते उचलताना फोटो काढला आणि फलकावर अकरा नावे आली. त्यात मुलांचे एकही नव्हते. मुलांनी काही म्हटले नाही. दुसऱ्या दिवशी फलकाचे कापड मात्र बांधाच्या सांध्यात भरलेले आढळले. गळती चांगली थांबली होती, म्हणून आम्हीही चौकशी केली नाही.

एक काम बहुतेक गावे विसरतात. पोती उन्हाने कुजतात. ती पऱ्यातच राहिली तर पहिल्या पुराबरोबर त्यांच्या चिंध्या खाडीत जातात. म्हणून मेच्या दुसऱ्या आठवड्यात, मुंबईकर गावी आलेले असताना, बांध उकलायचा. माती काठाला टाकायची, धड पोती धुऊन वाळवून ठेवायची. साडेतीनशेपैकी शंभर-सव्वाशे पुन्हा वापरता येतात. घालण्याच्या दिवशी सत्तर मुले असतात, उकलण्याच्या दिवशी बारा. त्या बाराजणांची नावे वहीत वेगळ्या पानावर लिहिलेली आहेत.

चार वर्षांच्या नोंदी वहीत आहेत : पाणी सांडायचे कधी थांबले, डोह कधी आटला, वाडीच्या विहिरीत दोरीच्या किती गाठी भिजल्या. पूर्वी शिमग्याला कोरडा पडणारा पऱ्या बांधापाशी पाडव्यापर्यंत ओला राहतो. मेचे हाल अजून संपलेले नाहीत, थोडे पुढे गेले आहेत. ज्या मुलीने आयांना विचारा म्हटले, ती आता तालुक्याच्या कॉलेजात आहे. गाठी मोजण्याचे काम तिच्या धाकट्या भावाकडे आले आहे. वही विहारातल्या कपाटात, डाव्या खणात आहे. ज्यांना आपल्या गावी काम सुरू करायचे असेल त्यांनी येऊन पाहावी. वही न्यायची झाल्यास मात्र नक्कल करून न्यावी, मूळ नेऊ नये.