जिन्यातला धूर आणि सेक्रेटरींची जबाबदारी

प्रश्न : आमच्या सात मजली सोसायटीत तिसऱ्या मजल्यावरचे भाडेकरू रोज रात्री जेवण झालं की जिन्यात उभे राहून सिगारेट ओढतात. धूर सरळ आमच्या घरात येतो. सासूबाईंना दमा आहे. सेक्रेटरींकडे गेले तर म्हणाले, ‘जिना सोसायटीचा आहे, सार्वजनिक जागा थोडीच? आणि दोनशे रुपयांच्या दंडासाठी पोलिसांत कशाला जायचं?’ मी तक्रार करायची कुणाकडे? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : सेक्रेटरी मालकीचं बोलताहेत, पण तंबाखू नियंत्रणाच्या 2003 च्या कायद्याला मालकीशी कर्तव्य नाही. जिथे लोकांचा वावर आहे, मग तो हक्काने असो वा नसो, ती सार्वजनिक जागा, असं तो सांगतो. तुमच्या जिन्यावरून दूधवाला, घरकामाच्या बाई, पार्सलवाला, गॅसवाला सगळेच जातात. शिवाय 2 ऑक्टोबर 2008 पासून लागू झालेल्या नियमांत कामाची ठिकाणंही आली. तुमचा वॉचमन आणि झाडूवाला त्या जिन्यात कामच करतात. हेही सांगितलं पाहिजे की कायद्याच्या यादीत रुग्णालय, न्यायालय, उपाहारगृह, वाचनालय अशी नावं आहेत, ‘गृहनिर्माण संस्था’ हे नाव नाही. सेक्रेटरींना वाद घालायला जागा आहे ती एवढीच. पण ती यादी उदाहरणादाखल दिलेली आहे, आणि माझ्या मते जिना, लिफ्ट, लॉबी या बंदीतून सुटत नाहीत. घराचं दार लावून आत ओढलेली सिगारेट मात्र या कायद्याच्या कक्षेत येत नाही.

ही बंदी मूळची मुंबईकराच्याच याचिकेतून आली. मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2001 मध्ये सार्वजनिक जागी धूम्रपानाला मनाई केली, कायदा त्यानंतर झाला.

आता दोनशे रुपयांचं. ओढणाऱ्याला जास्तीत जास्त 200 रुपयेच दंड आहे, हे खरं. एवढ्याने कुणाची सवय मोडेल असं मलाही वाटत नाही. म्हणून तुम्ही भाडेकरूच्या मागे लागू नका, जागा ज्याच्या ताब्यात आहे त्याला धरा. नियमांचा खरा रोख त्याच्यावरच आहे. ‘धूम्रपान निषिद्ध क्षेत्र, येथे धूम्रपान करणे हा गुन्हा आहे’ असा 60 बाय 30 सेंटिमीटरचा फलक त्याने प्रवेशद्वारी लावायचा. इमारत अनेक मजली असेल तर प्रत्येक मजल्यावर, जिन्यात आणि लिफ्टच्या दाराशीही. तक्रार कुणाकडे करायची त्या माणसाचं नावही तिथे ठळक लिहायचं. आणि तक्रार येऊनही तो हातावर हात ठेवून बसला, तर जितके गुन्हे घडले तितका दंड जागेच्या प्रमुखाला! सेक्रेटरींनी ही तरतूद वाचलेली नसावी.

तेव्हा तोंडी सांगणं बंद करा. कमिटीला पत्र द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का-सहीची पोच घ्या. पत्रात मजला, तारखा, साधारण वेळ लिहा, जिन्यातल्या थोटकांचे फोटो जोडा, फलक लावण्याची मागणी करा. भाडेकरू म्हणजे घरमालक आलाच, त्यांनाही एक प्रत पाठवा. भाडेकरार नूतनीकरणाला आला की अशा पत्राचा उपयोग होतो. त्या गृहस्थांचा फोटो सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका. मग जिना राहतो बाजूला आणि भांडण तुमच्यावरच उलटतं.

कमिटी हललीच नाही तर पोच जोडून स्थानिक पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या. हा दंड पोलीस उपनिरीक्षक किंवा त्यावरचा अधिकारी करू शकतो. म्हणून ‘112’ वर आलेल्या हवालदाराने समज देऊन जाणं पुरेसं मानू नका. अर्ज ठाण्यात नोंदवून घ्या.

प्रश्न : मी माझ्याच गॅलरीत सिगारेट ओढतो. वरच्या मजल्याने तक्रार केली म्हणून कमिटीने बैठक घेऊन मला परस्पर दंड लावला आणि तो मेंटेनन्सच्या बिलात जोडला. हे चालतं का? – एक वाचक, पुणे

उत्तर : असं परस्पर नाही. तुमची गॅलरी सार्वजनिक जागा नाही, त्यामुळे वरच्या उत्तरातला कायदा तुम्हाला लागत नाही. पण इतर सभासदांना उपद्रव होईल असं काही आपल्या सदनिकेत करू नये, हा उपविधी राज्यातल्या बहुतेक सोसायट्यांनी स्वीकारलेला आहे, आणि तशी लेखी तक्रार आली की कमिटीला चौकशी करावीच लागते. दंडाची रीत मात्र ठरलेली आहे. आधी कारणे दाखवा नोटीस, मग सर्वसाधारण सभेत तुमचं म्हणणं ऐकून घेणं, आणि दंड किती हेही सभेनेच ठरवायचं. यातलं काही झालं नसेल तर बिलाची बाकी रक्कम वेळेवर भरा, दंडाला लेखी हरकत घ्या आणि कमिटी ऐकत नसेल तर उपनिबंधकांकडे जा. जाण्याआधी कमिटीकडे तक्रारीची प्रत मागून घ्या. तीत धुराबरोबर खालच्या मजल्यावर पडणाऱ्या राखेचा आणि थोटकांचाही उल्लेख असेल, तर सभेत तुमची बाजू लंगडी पडेल.