सीनेचा काठ, माळाची वाट आणि यात्रेकरूचे कर्तव्य

'तीर्थ' या शब्दाचा एक मूळ अर्थ पाणी ओलांडण्याची जागा, म्हणजेच नदीचा उतार किंवा घाट, असा आहे. पुढे हाच शब्द पवित्र स्थानासाठी रूढ झाला. आपल्या पूर्वजांनी देवस्थान, नदी आणि तेथवर नेणारी वाट यांना वेगळे मानले नाही, हे या अर्थावरून लक्षात येते. परंडा परिसरात दर्शनासाठी येणाऱ्या भाविकांना येथील नदी, माळ व पायवाटांची ओळख व्हावी आणि त्यांच्या रक्षणातील आपला वाटा कळावा, या हेतूने प्रस्तुत लेख दिला आहे.

परिसराची ओळख

परंडा तालुका बालाघाटच्या डोंगररांगेच्या पश्चिम उतारावर वसलेला आहे. ही रांग म्हणजे एक मोठा जलविभाजक होय. तिच्या एका बाजूस पडलेला पाऊस मांजरा व तेरणा या नद्यांवाटे गोदावरीस मिळतो, तर परंड्याच्या बाजूस पडलेला पाऊस सीनेत उतरतो. सीना अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) परिसरात उगम पावते, परंडा तालुक्याच्या पश्चिम सीमेवरून वाहते आणि सोलापूर जिल्ह्यात हत्तरसंग कुडल येथे भीमेस मिळते. म्हणजे परंड्याच्या ओढ्यात आज टाकलेली वस्तू सीना, भीमा व कृष्णा असा प्रवास करीत पूर्व समुद्राकडे निघालेली असते.

या भूमीत श्रद्धास्थाने अनेक आहेत. परंडा येथे श्री हंसराज स्वामींचा मठ आहे. सीनाकाठी डोमगाव येथे समर्थशिष्य श्री कल्याणस्वामींचे स्थान आहे. सोनारी येथे श्री काळभैरवनाथांचे मंदिर आहे. आषाढी वारीत पैठणहून निघणारी श्री एकनाथ महाराजांची पालखी खर्डा, अनाळा व परंडा या मार्गाने सीना ओलांडून पंढरपूरकडे जाते. याशिवाय परंड्याचा भुईकोट किल्ला पाहण्यासही अनेकजण येतात. विजापूरची सुप्रसिद्ध 'मुलुख मैदान' तोफ १६३२ मध्ये येथूनच नेण्यात आली. किल्ल्याभोवतीचा खंदक पाहताना त्याकडे केवळ शत्रूला रोखणारा अडथळा म्हणून पाहू नये. कमी पावसाच्या मुलखात पाणी अडवून धरण्याची दृष्टी त्यातून दिसते.

पाण्याचे मोल

श्री कल्याणस्वामींविषयी परंपरा असे सांगते, की ते सज्जनगडावर समर्थांच्या सेवेत असताना पायथ्याच्या उरमोडी नदीचे पाणी मोठ्या हंड्यांतून स्वतः वाहून गडावर आणीत असत. ते हंडे आजही गडावर दाखविले जातात. ज्याने गड चढून खांद्यावर पाणी वाहिले, त्याला त्यातील प्रत्येक थेंबाचे मोल ठाऊक असणारच. त्याच सत्पुरुषाचे स्थान सीनेसारख्या अल्पजल नदीच्या काठी असावे, ही गोष्ट यात्रेकरूने मनात धरण्याजोगी आहे.

हा प्रदेश पर्जन्यछायेचा आहे. येथील भूमी काळ्या बेसॉल्ट खडकाची असून अखंड कातळात पाणी फारसे मुरत नाही. वरचा झिजलेला मुरमाचा थर, खडकातील भेगा आणि नदीपात्रातील वाळू हेच येथील नैसर्गिक साठे होत. पावसाळ्यात वाळू पाणी शोषून घेते आणि पुढे काठच्या विहिरींना ते हळूहळू पुरविते. वाळू उपसली गेली की पाणी थांबत नाही, विहिरी लवकर आटतात आणि पात्रात खोल खड्डे उरतात. चांदणी, खासापुरी, साकत व सीना-कोळेगाव या प्रकल्पांमुळे तालुक्यास आधार मिळाला आहे. तथापि त्यांत पाणी येणे हे पावसावरच अवलंबून असते.

२०१२-१३ चा दुष्काळ या भागाने सोसला. एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूर शहरास मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. याच्या उलट सप्टेंबर २०२५ मध्ये अतिवृष्टीने सीना व तिला मिळणाऱ्या नद्यांना महापूर आला, शेतातील माती पिकांसह वाहून गेली आणि परंडा तालुक्यात पुरात अडकलेल्या ग्रामस्थांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावे लागले. एका वर्षी घोटभर पाण्यासाठी वणवण आणि दुसऱ्या वर्षी दाराशी पूर, अशा दोन टोकांमध्ये येथील मनुष्य जगतो. पाहुणा म्हणून येणाऱ्याने हे जाणूनच येथील पाण्याचा वापर करावा.

माळ ओसाड नसतो

परंड्याकडे येताना दोन्ही बाजूंस उघडे माळ दिसतात. अनेकांना ती पडीक जमीन वाटते. प्रत्यक्षात कुसळी, पवन्या, मारवेल अशा गवतांचे हे माळ म्हणजे एक परिपूर्ण जीवसृष्टी आहे. या पठारावरील गवताळ प्रदेश काळवीट, लांडगा व खोकड यांचे आश्रयस्थान आहे. टिटवी, चंडोल आणि धाविक हे पक्षी घरटे न बांधता किंवा अगदी साधे घरटे करून जमिनीवरच अंडी घालतात. टिटवीने अंडी उंचवट्यावर घातली की पाऊस चांगला होणार, असा ठोकताळा आपल्याकडील शेतकरी बांधतात. ही अंडी मातीच्या रंगाची असल्याने सहज दिसत नाहीत. म्हणून वाट सोडून माळातून आडवे चालणे, वाहन घालणे किंवा गवतास आग लागेल असे काही करणे म्हणजे नकळत घडणारी हिंसाच होय.

सोलापूर व अहमदनगर जिल्ह्यांतील अशाच माळांसाठी १९७९ मध्ये माळढोक अभयारण्य घोषित झाले. आज तेथेही माळढोकाचे दर्शन अत्यंत दुर्मीळ झाले आहे. माळ मोडला तर त्यावरील पक्षी कोठे जाणार, या प्रश्नाचे हे उदाहरण आपल्या शेजारीच आहे. धाराशिव जिल्ह्यात येडशी येथील रामलिंग देवस्थानाच्या परिसरास १९९७ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला. देवदर्शन व वनदर्शन एकाच वाटेवर कसे घडते, हे तेथे अनुभवता येते.

वृक्षारोपणाचा संकल्प करणाऱ्या भाविकांनीही एवढा विवेक ठेवावा. वड, पिंपळ, उंबर, कडुनिंब, चिंच, करंज ही झाडे रस्त्याच्या कडेस, मंदिराच्या आवारात, गावठाणात लावावीत. गवताळ माळावर खड्डे खणून परदेशी झाडे लावू नयेत. तसेच रोप लावण्यापूर्वी त्यास पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी कोण घालणार, हे ठरवावे. फोटोपुरते लावलेले रोप वैशाखात जळते, त्याचे पुण्य कसे लागावे?

वानरे व अन्नदान

सोनारी येथील वानरांचे कळप प्रसिद्ध आहेत. भाविक प्रेमाने त्यांना खाऊ देतात. परंतु फरसाण, बिस्किटे, मिठाई हे त्यांचे अन्न नव्हे. त्यांची प्रकृती बिघडते, माणसाच्या हातातून वस्तू हिसकावण्याची सवय लागते आणि पिशवीसकट खाल्लेले प्लॅस्टिक पोटात राहते. अन्नदानाची इच्छा असल्यास व्यवस्थापनास विचारून, ठरविलेल्या जागी, योग्य अन्नच द्यावे. मुलांच्या हाती खाऊ देऊन त्यांना वानरांजवळ पाठवू नये.

नदीवर आचरावयाचे नियम

१. निर्माल्य पाण्यात सोडू नये. पावसाळा सोडल्यास सीनेचे पात्र बव्हंशी साचलेल्या डोहांचे असते. फुले-पाने त्यात कुजताना पाण्यातील प्राणवायू खर्च होतो व मासे मरतात. निर्माल्याचे खत करून ते झाडांस घालणे हेच त्याचे योग्य विसर्जन होय. दोरे, प्लॅस्टिक व चकचकीत कागद आधीच वेगळे काढावेत.

२. डोहात साबण लावून स्नान, कपडे वा वाहने धुणे टाळावे. त्यातील द्रव्यांमुळे शेवाळ व जलपर्णी वाढतात. पाणी भांड्यात घेऊन काठापासून दूर, मातीवर स्नान करावे.

३. पोहता येणाऱ्यानेही अनोळखी पात्रात उडी घेऊ नये. वाळूच्या उपशाने झालेले खड्डे गढूळ पाण्याखाली दिसत नाहीत. मुलांना एकटे सोडू नये.

४. पुलावरून पाणी वाहत असताना तो ओलांडू नये. गुडघाभर वेगवान पाणीही माणसाचा तोल घालविते. धरणातून पाणी सोडल्यास आकाश निरभ्र असतानाही नदी चढते. म्हणून गावकऱ्यांची सूचना तंतोतंत पाळावी.

५. हिवाळ्यात जलाशयांवर पाहुणे पक्षी उतरतात. जवळच्याच उजनी जलाशयावर रोहित व पट्टकादंब यांना पाहण्यासाठी लोक दूरवरून येतात. पक्षी दुरूनच, शांतपणे पाहावेत. कर्णा लावू नये, दगड मारू नये, छायाचित्रासाठी थवा उठवू नये. दूरदेशीहून आलेल्या पक्ष्याची विश्रांती मोडणे हे अतिथीस दारातून हाकलण्यासारखे आहे.

६. महाराष्ट्रात २०१८ पासून प्लॅस्टिक पिशव्या व अनेक एकदाच वापरायच्या वस्तूंवर बंदी आहे. कापडी पिशवी, तांब्या किंवा बाटली आणि जेवणाचे ताट घरूनच आणावे. आणलेला कचरा परत न्यावा.

७. उघड्यावर शौचास बसू नये. पहिल्या पावसासरशी ती घाण विहिरीत व नदीत उतरते. मोठ्या पालखी मार्गांवर २०१५ पासून सुरू झालेल्या 'निर्मल वारी' उपक्रमाने हजारो वारकऱ्यांचीही सोय शिस्तीने करता येते, हे दाखवून दिले आहे.

पायी यात्रेची पद्धत

ज्यांना शक्य आहे त्यांनी काही अंतर तरी पायी चालावे. वाहनातून जाणाऱ्यास दोन गावे दिसतात. चालणाऱ्यास त्यांमधील ओढा, बांध, पीक आणि माणूस दिसतो. पहाटे निघावे, ऊन चढण्यापूर्वी सावली गाठावी. शेतातील पायवाट ही शेतकऱ्याची जमीन असते, तेव्हा उभ्या पिकातून जाऊ नये आणि बांधावरची फळे-भाजी विचारल्याविना तोडू नयेत. टंचाईच्या काळात कोणी पाणी दिले तर गरजेपुरतेच घ्यावे. ते पाणी कदाचित त्या घरातील माउलीने लांबून डोक्यावर आणलेले असते.

समारोप

यात्रेहून परतताना आपण प्रसाद, अंगारा व आठवणी बरोबर नेतो. मागे काय ठेवतो, याचाही विचार व्हावा. देवळाच्या गाभाऱ्यात आपण पादत्राणे काढून प्रवेश करतो, कारण ती जागा मलिन होऊ नये अशी आपली भावना असते. तीच भावना पायरीच्या बाहेर, घाटापर्यंत आणि माळाच्या वाटेपर्यंत नेता आली, तर पुढील वर्षी येणाऱ्या भाविकास सीनेचा काठ आजच्याहून निर्मळ मिळेल. यात्रेकरू बंधू-भगिनींनी या सूचनांचे स्वतः पालन करावे व सोबतच्या मुलांना त्यांमागील कारण समजावून सांगावे, ही नम्र विनंती.