मॉडेल ट्रेन भारतात विकायचीय? डिपॉझिट भरण्याआधी हे चार हिशोब करा

परदेशी मॉडेल ट्रेनची एजन्सी घ्यायचा विचार असेल, तर व्हिडिओतले हे मुद्दे वहीत उतरवून घ्या.

१. ड्युटी : खेळण्यांवरची कस्टम ड्युटी २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झाली, २०२३ मध्ये ७०. त्या दराने १०,००० चा सेट बंदरातच १७,००० ला पडतो. जीएसटी, वाहतूक, तुमचं मार्जिन वेगळंच. आजचा दर कस्टम एजंटकडून लेखी घ्या.

२. आयएसआय मार्क : १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना सक्तीचा. परवाना कारखान्याच्या नावावर लागतो. तो नसेल तर माल अडकतो, आणि अडकलेले पैसे तुमचे असतात.

३. ओळखीची गाडी : आपल्या गिऱ्हाइकाला जर्मन इंजिनापेक्षा डेक्कन क्वीन हवी. पण आपला ब्रॉडगेज १,६७६ मिमी. १:८७ प्रमाणात रूळ सुमारे १९.३ मिमी हवा. तयार एचओ ट्रॅक मिळतो १६.५ चा. नवा साचा महाग, थोड्या नगांवर तो खर्च निघत नाही.

४. गिऱ्हाईक : पुण्यात कोथरूडचं जोशी मिनिएचर रेल्वे म्युझियम बघा, कौतुक करणारे भरपूर भेटतील. पण तिकीट काढून बघणारा वेगळा आणि सेटचे हजारो मोजणारा वेगळा.

गृहपाठ : दहा जणांकडून आगाऊ बुकिंगचे पैसे घेऊन दाखवा. ‘छान आहे’ म्हणणारे मोजायचे नाहीत. दहा जमले, तरच एजन्सीचं बोला!