बाळाचे श्वास मोजा

कॅडेट मित्रांनो, दौड संपली की तुम्ही नाडी मोजता. आज श्वास मोजायला शिकू, आणि तेही आपले नव्हेत, घरातल्या तान्ह्या बाळाचे. श्वसनसंस्थेचा धडा आला की मी फळ्यावर हा हिशेब मांडतो.

तुमच्या छातीतली एक वायुनलिका ८ मिलिमीटर रुंद धरा, बाळाची ४. आतले अस्तर सगळीकडून १ मिलिमीटर सुजले. तुमची नळी ६ उरली, बाळाची २. संथ प्रवाहात व्यास घटला की अडथळा त्याच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात वाढतो. म्हणजे तुमचा अडथळा साधारण तिप्पट, बाळाचा सोळापट! (भौतिकशास्त्राचा कंटाळा करणाऱ्यांनी हे गणित स्वतः करून पाहावे.)

आता यात धूर घाला. चुलीचा, कचऱ्याचा, गाड्यांचा. त्यातले २.५ मायक्रॉनपेक्षा बारीक कण थेट वायुकोशांपर्यंत जातात आणि जंतू बाहेर ढकलणारी यंत्रणा मंदावते. वजनाच्या मानाने बाळ आपल्यापेक्षा जास्त हवा आत घेते. शिवाय नुकसान जन्माआधीच सुरू होते. आईच्या श्वासातल्या प्रदूषणामुळे मूल अपुऱ्या दिवसांचे किंवा कमी वजनाचे होण्याचा धोका वाढतो. २०१९ साली भारतात १ लाख १६ हजारांहून अधिक बाळांच्या पहिल्या महिन्यातील मृत्यूंशी वायुप्रदूषणाचा संबंध असावा, असा २०२० च्या एका जागतिक अहवालाचा अंदाज आहे. त्यातले पुष्कळ मृत्यू याच वाटेने येतात.

मग गॅस आला की न्यूमोनिया संपला? तसे नाही. तमिळनाडूसह चार देशांत झालेल्या मोठ्या चाचणीत घरोघर गॅस दिला, धूर खूप घटला, तरी तान्ह्या बाळांचा तीव्र न्यूमोनिया ठळकपणे कमी झाला नाही. २०२४ मध्ये हे निष्कर्ष आले. धूर घालवायचाच, त्यात वाद नाही. पण आजारी बाळ वेळेत ओळखणे हे काम वेगळे आहे, आणि माझ्या मते शिकायला सर्वांत सोपे.

ते आपल्याच गडचिरोलीत सिद्ध झाले. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने १९८८ च्या सुमारास गावातल्या माणसांना, सुइणींनासुद्धा, श्वास मोजून न्यूमोनिया ओळखायला आणि प्रतिजैविक द्यायला शिकवले. ज्यांना पन्नासपर्यंत मोजता येत नव्हते त्यांच्यासाठी मणी आणि एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ असे साधन केले: दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. उपचार मिळालेल्या ६१२ बालरुग्णांत मृत्यूचे प्रमाण ०.८ टक्के राहिले, तर तुलनेच्या गावांत १३.५ टक्के.

सुट्टीत घरी लहान भावंड असेल तर करून पाहा. पालकांनीही शिकून घ्यावे. बाळ शांत किंवा झोपलेले हवे. रडताना मोजू नका. झबले वर करा आणि पोटाची हालचाल पूर्ण एक मिनिट मोजा. खोकला किंवा श्वासाचा त्रास असताना दोन महिन्यांच्या आत ६० वा अधिक, दोन महिने ते एक वर्ष ५०, एक ते पाच वर्षे ४० भरले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे पुन्हा एकदा मोजा. आकडा तोच आला, छाती आत ओढली जात असली किंवा बाळ दूध ओढत नसले, तर रात्र असली तरी रुग्णालय.